टाळूवर स्टेथो

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका सरकारी रुग्णालयात, नवजात बालकांच्या विभागात मी काम करते. या विभागाला इथे सगळे एसएनसीयू म्हणतात. वॉर्मर, फोटोथेरपीचे दिवे, ऑक्सिजन, सीपॅप, सिरिंज पंप, खाटेजवळ आणता येणारा एक्स-रे आणि एक सोनोग्राफी मशीन एवढी सामग्री आमच्या हाताशी आहे. एमआरआय नाही. नवजात बाळांचा हृदयरोगतज्ज्ञ नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करणारा तज्ज्ञ गाठायचा तर रात्रभराचा प्रवास आहे. रक्तवाहिन्यांच्या रचनेत जन्मतःच दोष असलेली बाळं मात्र इथेही जन्मतात, आणि त्यांचं निदान पहिल्यांदा इथेच व्हावं लागतं. त्या निदानाचा एक दिवस इथे लिहिला आहे. दिवस पावसाळ्यातला आहे. कुणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सकाळी ७.४५

रात्रपाळीचे डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर आणि मी एकेका वॉर्मरपाशी थांबत राउंड घेतो. बाहेरून आलेल्या बाळांच्या खोलीत पहाटे एक बाळ दाखल झालं आहे. मुलगा, दोन दिवसांचा, पूर्ण दिवसांचा, वजन २ किलो ९०० ग्रॅम. अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यावरून आईला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं, ग्रामीण रुग्णालयात बाळंतपण झालं, पहिला दिवस बरा गेला. काल संध्याकाळपासून बाळ अंगावर पीत नाही आणि छाती उडते आहे. रेफरच्या चिठ्ठीवर लिहिलंय: ‘सेप्सिस? हृदयदोष?’ तिथल्या डॉक्टरांनी उगाच सॅलाइन चढवलं नाही आणि सकाळची वाट न बघता १०२ नंबरच्या गाडीतून बाळ पाठवलं. या दोन्ही गोष्टींनी बाळाला वेळ मिळाला.

श्वास मिनिटाला ७८. ठोके १८०. ऑक्सिजन लावल्यावर सॅच्युरेशन ९३. यकृत बरगडीखाली चार सेंटीमीटर लागतं. रात्री काढलेल्या एक्स-रेत हृदयाची सावली जवळजवळ सगळी छाती व्यापून आहे. रक्ताचं कल्चर घेऊन अँटिबायोटिक सुरू झालेलं आहे.

बाळाचे पाय गार आहेत. मांडीतली नाडी शोधावी लागते. मानेतली नाडी मात्र बोटाखाली जोरात उसळते. बोट काढलं तरी कातडीखाली ती डोळ्यांना दिसते. जंतुसंसर्गाने गळालेल्या बाळाची नाडी सगळीकडेच मंद लागते. इथे रक्त पायांकडे कमी आणि डोक्याकडे खूप जास्त चाललं आहे. हृदय मोठं आहे, पण त्या हृदयाकडे जे परत येतंय ते कुठून येतंय, हे आधी शोधायला हवं.

मी सक्शन बंद करायला सांगते. शेजारच्या वॉर्मरचा अलार्म सिस्टर शांत करतात. स्टेथोचं तोंड तळहातात धरून कोमट करते आणि बाळाच्या टाळूवर अलगद ठेवते. पहिले काही क्षण फक्त श्वासाचा आवाज येतो. मग खालून एक सलग घरघर कानात येते. प्रत्येक ठोक्याला ती चढते, उतरते, पण मध्ये कुठेच तुटत नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कानामागे, मिटलेल्या पापणीवर स्टेथो ठेवून पाहते. सगळीकडे तीच.

रात्रपाळीचे डॉक्टर ऐकतात, मग सिस्टर ऐकतात. हृदयावर ताण आलेल्या नवजात बाळाच्या डोक्यावर असा आवाज आला, तर धमनी आणि शीर यांचं थेट जोडकाम डोक्यात आहे असंच आधी धरायचं. आवाज आला नाही म्हणून हा आजार नाही, असं मात्र म्हणता येत नाही. म्हणून आवाज येवो न येवो, सोनोग्राफी करायचीच.

सकाळी ८.३०

हा आजार जन्मानंतर एक-दोन दिवसांतच का उघड होतो, हे आमच्या इंटर्न डॉक्टरांना मी वॉर्मरपाशीच समजावते. धमनीतलं रक्त एरवी केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून झिरपत शिरेत जातं. तिथे त्याचा वेग आणि दाब दोन्ही उतरतात. ते जाळंच नसेल तर रक्त धमनीतून धाडकन शिरेत पडतं आणि तसंच हृदयाकडे परततं. पोटात असताना वारेकडे जाणारा रस्ताही असाच कमी अडथळ्याचा असतो, त्यामुळे रक्त दोन्हीकडे वाटलं जातं आणि बाळ निभावून नेतं. नाळ बांधली की वारेचा रस्ता बंद होतो. मग डोक्यातली ती एकच मोकळी वाट उरते, आणि हृदयाला तेच तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं. हृदयाची रचना निर्दोष असूनही ते थकतं.

म्हणूनच इथे सेप्सिस समजून सॅलाइनचा बोलस दिला तर आधीच ओसंडणाऱ्या हृदयावर आणखी पाणी पडतं. आम्ही द्रव मोजून कमी करतो, फ्युरोसेमाइड वजनाप्रमाणे देतो, नळीतून आईचं दूध थोडं थोडं सुरू ठेवतो. अँटिबायोटिक चालूच राहतं. इतक्या लहान बाळात जंतुसंसर्ग नाही असं म्हणायला कल्चरचा निकाल हातात यावा लागतो, आणि दोन आजार एका बाळात असू शकतात.

पोटावरही स्टेथो ठेवून होतो. यकृतात रक्तवाहिन्यांच्या गाठी असल्या तरी हृदय असंच थकतं. त्या गाठी खूप असल्या तर थायरॉइडचं संप्रेरकही निकामी करत राहतात, आणि बाळाला औषधाचे मोठे डोस लागतात. यकृताकडे बघायचं, हे आजच्या कामाच्या यादीत आताच लिहून ठेवते.

सकाळी ९.१५

सोनोग्राफीचं मशीन पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवलेलं आहे आणि ते नोंदीच्या खोलीतच राहतं. त्यामुळे बाळालाच तिकडे न्यावं लागतं. वॉर्डातले मामा ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलतात, सिस्टर बाळाला उबदार गुंडाळून छातीशी धरतात, मी अंबू बॅग हातात घेऊन शेजारून चालते. खोलीतला एसी आधीच बंद करून ठेवलेला आहे. जेलची बाटली मावशींनी गरम पाण्यात ठेवली आहे, कारण थंड जेलने बाळाचं अंग गार पडतं.

नवजात बाळाच्या टाळूसाठी लहान प्रोब असतो. आमच्याकडे तो नाही. रेडिओलॉजिस्ट सर पोटाचा प्रोब कडेवर तिरका धरतात आणि टाळूच्या खिडकीतून आत बघतात. पडद्यावर मेंदूच्या घड्या दिसतात, दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पोकळ्या दिसतात. त्या फुगलेल्या नाहीत. मधोमध, तिसऱ्या पोकळीच्या मागे आणि लहान मेंदूच्या वर, एक काळा गोल आहे. दोन सेंटीमीटरला थोडा कमी.

काळ्या-पांढऱ्या चित्रात पाण्याची गाठ आणि रक्ताने भरलेली शीर सारखीच काळी दिसते. इथे थांबलेला रिपोर्ट ‘सिस्ट’ म्हणून जातो आणि निदान चुकतं. सर रंगाचं बटण दाबतात. काळ्या गोलात लाल आणि निळा रंग एकदम भरतो, एकमेकांत घुमतो. दोन्ही बाजूंनी जाड झालेल्या धमन्या येऊन त्यात शिरताना दिसतात आणि मागे एक रुंद वाट कवटीच्या दिशेने जाते. सर गती मोजतात, मी माझ्या फोनवर पडद्याचा व्हिडिओ घेते. मग प्रोब पोटावर: यकृत मोठं आहे, गाठ एकही नाही.

व्हेन ऑफ गेलन मालफॉर्मेशन. नाव दुसऱ्या शतकातल्या ग्रीक वैद्य गेलनवरून पडलं आहे. पण इथे फुगलेली असते ती गर्भाच्या मेंदूतली एक तात्पुरती शीर, जी तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला विरून जायला हवी. ती विरली नाही आणि धमन्या थेट तिच्यात उघडल्या. आईने काय खाल्लं, काय उचललं, ग्रहणात काय चिरलं, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हे वाक्य आज दुपारी मला आईपाशी स्पष्ट बोलायचं आहे.

सकाळी १०.३०

एसएनसीयूतून घरी गेलेल्या बाळांची फेरतपासणी. कॉरिडॉरमध्ये ओल्या छत्र्या, झोळ्या, टोपडी घातलेली बाळं. इथला नियम एकच: बाळ पूर्ण उघडं करून बघायचं. टोपडं, दुपटं, काळा दोरा, सगळं बाजूला करून.

सात आठवड्यांच्या मुलीला आजी घेऊन आली आहे. वरच्या उजव्या पापणीवर लालभडक फुगवटा, डोळा अर्धा झाकलेला. आजी अहिराणीत विचारते, “हाऊ डाग जाई का हो, बाई?” मी तिला उलट एकच विचारते, “आजी, जन्मली तेव्हा होता का?” आजी आठवते: तेव्हा पापणीवर ओरखड्यासारखी फिकट रेघ होती, बारशानंतर वाढायला लागलं.

निदानाचं निम्मं काम या उत्तराने होतं. बॉस्टनच्या जॉन मलिकेन आणि ज्युली ग्लोवॅकी यांनी १९८२ मध्ये रक्तवाहिन्यांच्या या डागांची आणि गाठींची जी विभागणी मांडली, तिच्यावरच आजचं वर्गीकरण उभं आहे. एका बाजूला हिमँजिओमा: जन्मतः नसतो किंवा पुसट असतो, पहिल्या महिन्यांत झपाट्याने वाढतो, मग वर्षानुवर्षं हळूहळू विरतो. दुसऱ्या बाजूला रचनादोष: जन्मतःच असतो, बाळाबरोबर त्याच प्रमाणात वाढतो आणि आपोआप जात नाही. हे ओळखायला यंत्र लागत नाही. घरच्या माणसांना तारखेनिशी विचारावं लागतं आणि त्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

या मुलीचा हिमँजिओमा आपोआप विरेल, हे खरं आहे. पण तोवर डोळा झाकला गेला तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकणार नाही, हेही तितकंच खरं आहे. हिमँजिओमाची बहुतेक वाढ तीन महिन्यांच्या आत होऊन जाते, म्हणून ‘वर्षाने बघू’ हा सल्ला अशा जागी घातक ठरतो. उपाय स्वस्त आहे. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांच्या लक्षात आलं की हृदयासाठी प्रोप्रानोलॉल दिलेल्या बाळाचा हिमँजिओमा फिका पडून मऊ होतो आहे. तीच गोळी आज जगभर पहिलं औषध आहे आणि आमच्या औषधभांडारात ती असते. बाळांसाठीचं पातळ औषध मिळत नाही, तेव्हा आमचे फार्मासिस्ट दहा मिलिग्रॅमची गोळी मोजलेल्या पाण्यात विरघळवून सिरिंजवर खूण करून देतात. मुलगी अजून आठ आठवड्यांची नाही, म्हणून पहिले डोस वॉर्डात, ठोके, रक्तदाब आणि साखर बघत. आजीला तीनदा सांगते आणि तिच्याकडून वदवून घेते: दूध पाजल्यावरच औषध, उलटी होत असेल, बाळ पीत नसेल तर औषध बंद आणि आशाताईंना फोन.

त्यानंतरच्या बाळाच्या मानेमागे आणि दोन भुवयांच्या मध्ये फिकट गुलाबी ठसे आहेत, रडलं की गडद होणारे. असे ठसे असंख्य बाळांना असतात. भुवयांमधला फिका पडतो, मानेमागचा केसाखाली राहिला तरी त्रास देत नाही. आईला धीर द्यायचा आणि घरी पाठवायचं. एकाच बाजूच्या कपाळावर आणि वरच्या पापणीवर पसरलेला, जांभळट लाल, सपाट डाग असता तर मी तिला असं सोडलं नसतं. त्या डागाबरोबर त्याच बाजूच्या डोळ्यात काचबिंदू आणि मेंदूच्या आवरणात रक्तवाहिन्यांचा दोष असू शकतो. डोळ्याचा दाब लगेच तपासायचा, आणि झटका कसा दिसतो हे घरच्यांना आधीच दाखवून ठेवायचं. साधा ठसा आणि हा डाग यांतला फरक जागेवरून आणि बाजूवरून कळतो.

शेवटचं बाळ मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीचं. मुलगी जन्मली तेव्हा गाठ मुठीएवढी होती. खोलीतला दिवा घालवून गाठीला टॉर्च टेकवली तेव्हा सगळी गाठ तांबूस उजळली होती. म्हणजे आत पातळ द्रव, लसिकावाहिन्यांचा दोष. मोठ्या शहरात ब्लिओमायसिनची इंजेक्शनं गाठीत दिली गेली. आज गाठ बोराएवढी आहे. आईला खबरदारी पुन्हा सांगते: सर्दी-तापात ही गाठ एकदम फुगू शकते, श्वासाला आवाज येऊ लागला तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही.

दुपारी १२.४५

मुंबईतल्या तज्ज्ञ डॉक्टरांना व्हिडिओ पोचले आहेत. त्यांचा फोन येतो. प्रश्न नेमके आहेत. लघवी किती? झटके आले का? डोक्याचा घेर किती? यकृताच्या तपासण्या? क्रिएटिनिन? श्वासाला यंत्र लागलं का? या उत्तरांवरून ते गुण देतात. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पिअर लाज्युनिया यांनी ही २१ गुणांची पट्टी तयार केली. हृदय, मेंदू आणि श्वसन यांना प्रत्येकी पाच, यकृत आणि मूत्रपिंड यांना प्रत्येकी तीन. आठच्या खाली गुण गेले तर मेंदूचं नुकसान इतकं झालेलं असतं की उपचाराने हाती फारसं लागत नाही. आठ ते बारा असले तर नळीचा उपचार तातडीने. बाराच्या वर असले आणि औषधांनी हृदय सावरत असेल, तर बाळ काही महिन्यांचं होईपर्यंत थांबणं जास्त सुरक्षित असतं.

आमचं बाळ आत्ता बाराच्या वर आहे. या पट्टीला लागणारी बहुतेक उत्तरं आम्ही हाताने, डोळ्यांनी आणि साध्या प्रयोगशाळेतून दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण गुण घसरू शकतात आणि ते घसरतील तेव्हा बाळ उपचाराच्या ठिकाणी असायला हवं. आजच निघायचं ठरतं.

फोन ठेवण्याआधी ते एक सूचना देतात: मांडीतल्या धमनीत सुई टोचू नका. बारीक नळी तिथूनच वर मेंदूपर्यंत न्यायची असते, आणि त्या नळीतून वैद्यकीय गोंद सोडून एकेक जोडकाम बंद करायचं असतं. मी वॉर्मरच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिते: ‘मांडीतून रक्त घेऊ नये.’

दुपारी २.००

बाळाची आई बाळंतिणींच्या वॉर्डातून व्हीलचेअरवर आली आहे. सोबत वडील आणि वडिलांची आई. ते घरी पावरी बोलतात. आमच्या एका सिस्टर त्याच डोंगरातल्या आहेत, त्या शेजारी बसतात. मी मराठीत बोलते, त्या सांगतात, आणि प्रत्येक वाक्यानंतर आम्ही थांबतो.

“दादा, बाळाचं हृदय चांगलं आहे. डोक्यात रक्ताच्या वाहिन्या जिथे वेगळ्या असायला हव्यात, तिथे त्या एकमेकींना जोडल्या गेल्यात. पाटाचं पाणी वाफ्यात न शिरता सरळ नाल्यात गेलं तर मोटार कितीही चालवली तरी पीक भिजत नाही. बाळाचं हृदय तसं रात्रंदिवस चाललंय.” वडील मान हलवतात. आई खाली बघत काहीतरी विचारते. सिस्टर सांगतात, “ती विचारते, तिचं काही चुकलं का.”

मी तिच्या हातावर हात ठेवते. “ताई, तुझं काही चुकलेलं नाही. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच हे आत घडून गेलं होतं.” सिस्टर हे दोनदा सांगतात.

नंतरचे प्रश्न व्यवहाराचे आहेत आणि त्यांची उत्तरं दिल्याशिवाय कोणीही गाडीत बसत नाही. पैसे किती? गाडीचे, उपचाराचे? राहायचं कुठे? बाळंतीण बाई जेवणार काय? घरी दोन मुलं आहेत, लावणी चालू आहे. आमचे समाजसेवा अधीक्षक कागद घेऊन बसतात: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून गाडी मोफत, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार, पोचल्यावर तिथल्या कोणाला भेटायचं त्याचा फोन नंबर चिठ्ठीवर. आजी सगळ्यात शेवटी विचारते, “वाचेल ना?”

मी खोटं बोलत नाही. “धोका मोठा आहे, आजी. पण वेळेवर पोचलं तर उपचार आहे, आणि तो केलेली मुलं शाळेत जातात. इथे ठेवलं तर हृदय फार दिवस टिकणार नाही.” तिघे आपसात बोलतात. आजी घरी मुलांकडे राहणार, आई-वडील बाळाबरोबर जाणार.

दुपारी ३.३०

गाडी यायला वेळ आहे. खाली सभागृहात आशाताईंचं आणि शाळा-अंगणवाड्यांत जाणाऱ्या आरबीएसके पथकांचं प्रशिक्षण चालू आहे. माझं अर्ध्या तासाचं सत्र ठरलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, म्हणजे आरबीएसकेची, सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याच्या यादीत जन्मजात दोष म्हणून दुभंगलेला ओठ, वाकडा पाय, हृदयदोष, मोतीबिंदू अशा गोष्टी आहेत. रक्तवाहिन्यांच्या दोषांना वेगळं घर नाही. तरीही बाळ उघडं करून बघणारी पहिली शिकलेली नजर याच लोकांची असते.

आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’च्या कामातून उभी केली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. मी आशाताईंना म्हणते, वाढणारा डाग ओळखायला याहून चांगलं वेळापत्रक कोणत्याच डॉक्टरकडे नाही. प्रत्येक भेटीला त्याच डागाचा फोटो, शेजारी रुपयाचं नाणं, आणि तारीख.

मग मी एक जुना फोटो दाखवते: मांडी जांभळी, कडक, ताणलेली, कातडी चकाकणारी. अशी गाठ गळू समजून चिरली जाते, आणि मग रक्त थांबत नाही. काही दुर्मीळ गाठी प्लेटलेट आपल्यात अडकवून संपवत जातात. हे पहिल्यांदा १९४० मध्ये कासाबाख आणि मेरिट यांनी नोंदवलं. अशा बाळाला सुई, चीर, मालिश, शेक, काहीही नको. चटका देणं तर नकोच. आधी साधी रक्ततपासणी, प्लेटलेट मोजून. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेटची पिशवी लावायचीही घाई नको, कारण ती गाठीतच जाऊन गाठ फुगवते. यावर आज सिरोलिमस हे औषध उपयोगी पडतं. ते ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं आणि मूळचे भारतीय असलेल्या डॉ. सुरेंद्रनाथ सहगल यांनी त्याचा पाठपुरावा केला.

एक आशाताई उभ्या राहतात: “मॅडम, आम्हाला स्टेथो नाही. मग आम्ही काय बघायचं?” मी सांगते: हात ठेवा. गाठ गरम आहे का, बोटाखाली धडधडते का? बाळ रडलं की फुगते का? दाबलं की बसते का, आणि सोडल्यावर पुन्हा भरते का? अंगावर पाच किंवा त्याहून जास्त लाल ठिपके आहेत का? तसं असेल तर यकृताची सोनोग्राफी लागते. दूध पिताना बाळ घामाघूम होतं का, मध्येच थकून सोडतं का? एवढ्या प्रश्नांची उत्तरं फोनवर मिळाली तरी कोणतं बाळ आज आणायचं आणि कोणतं पुढच्या आठवड्यात, हे आम्हाला ठरवता येतं.

संध्याकाळी ५.३०

पाऊस थांबला आहे. बाळाचा श्वास ६४ वर आला आहे, लघवी चांगली झाली आहे, पाय जरा कोमट लागतात. निदान अजून तेच आहे. फक्त प्रवासापुरती ताकद बाळाने मिळवली आहे.

रेफरची चिठ्ठी मी स्वतः लिहिते. त्यात निदान कशावरून केलं ते येतं: नाड्यांमधला फरक, टाळूवरचा आवाज, रंगीत डॉप्लर, निर्दोष यकृत. दिलेल्या औषधांचे डोस आणि वेळा, द्रवाचं प्रमाण, कल्चर कधी पाठवलं, डोक्याचा घेर, सकाळी आणि आता मोजलेले श्वास. ‘बोलस देऊ नये’ आणि ‘मांडीतून सुई नको’ ही दोन वाक्यं अधोरेखित. वाटेत जिथे कुठे गाडी थांबवावी लागेल तिथल्या डॉक्टरला हीच दोन वाक्यं आधी दिसायला हवीत.

गाडीतला ऑक्सिजन, इन्क्युबेटरचं तापमान, सिरिंज पंपाची बॅटरी सिस्टर तपासतात. आईसाठी मावशींनी डब्यात भाकरी आणि वरण बांधून दिलं आहे. गाडीतल्या डॉक्टरांना मी टाळूवरचा आवाज ऐकवते, म्हणजे वाटेत कोणी विचारलं तर ते ऐकलेलं सांगतील. गाडी निघते.

रात्री ८.१५

संध्याकाळचा राउंड. पापणीच्या हिमँजिओमाच्या मुलीला प्रोप्रानोलॉलचा पहिला डोस दिला आहे. ठोके १३०, साखर नीट, दूध पिऊन झोपली आहे. गाडीतून फोन येतो: धुळ्याच्या पुढे आहेत, सॅच्युरेशन ९४, बाळ शांत. रजिस्टरमध्ये आजची नोंद करते. जन्मजात दोषांच्या रकान्यात ‘इतर’ या सदराखाली निदान लिहावं लागतं. मी ते पूर्ण नावानिशी लिहिते, कारण ‘इतर’ म्हणून मोजलेल्या बाळांसाठी लहान प्रोब कोणी मागवत नाही, तज्ज्ञाची जागा कोणी मंजूर करत नाही.

दुर्मीळ आजाराचं निदान म्हणजे महागड्या यंत्राचं काम, हा समज आपण सोडायला हवा. यंत्र लागतं ते पक्कं करायला आणि उपचाराला. संशय मात्र माणसाला यावा लागतो, आणि तो तालुक्याच्या ठिकाणी, पहिल्या काही दिवसांतच यावा लागतो. म्हणून माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येक डॉक्टरला आणि सिस्टरला विनंती आहे: कारण न सापडता धापा टाकणारं नवजात बाळ आलं, तर चारही हातापायांच्या आणि मानेच्या नाड्या बघा, टाळूवर आणि यकृतावर स्टेथो ठेवा, आणि सोनोग्राफीत काळा गोल दिसला तर रंगाचं बटण दाबल्याशिवाय रिपोर्ट लिहू नका. आईवडिलांना विनंती आहे: बाळाच्या अंगावरचा डाग लपवू नका, त्याला चटका देऊ नका, त्याचा फोटो तारखेनिशी ठेवा आणि तो वाढताना दिसला तर महिन्याच्या आत दाखवा. या कशालाही पैसे लागत नाहीत. मुंबईच्या गाडीत वेळेवर बसणारं बाळ आणि ‘सेप्सिस’ म्हणून नोंदलं जाऊन गेलेलं बाळ यांच्यात पुष्कळदा एवढंच अंतर असतं.